न उघडलेलं पाकीट

वेलचेरी, चेन्नई

प्रिय राजगोपाल,

माझ्या गौरवग्रंथासाठी माझं मनोगत आणि त्या पाकिटाचा फोटो तू तीनदा मागितलास. उशीर झाला, रागावू नकोस. ऐंशीच्या म्हाताऱ्यामागे असा लकडा लावायला संपादक तुझ्याइतकाच हट्टी हवा. इथे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते आणि महालक्ष्मी मला मागे ठेवून गेल्यापासून कॉफी मीच करतो. तिच्यासारखी एकदाही जमलेली नाही.

मनोगत लिहायला बसलो आणि सगळंच आठवत गेलं. अप्पा जॉर्ज टाउनमध्ये एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. दुकानात कुणाचं भांडण झालं की मालक त्यांनाच निवाडा करायला लावी, कारण ते कुणाचीच बाजू घेत नसत. त्यांच्यामुळे मी नीतिशास्त्राकडे वळलो असं मी मुलाखतींत सांगत आलो. खरं म्हणजे गणितात मार्क कमी पडले होते, हे फक्त तुला ठाऊक आहे. पुढे विभागात तू आलास. स्टाफरूममध्ये आपण दोघंच तंजावरी मराठीत कुचाळक्या करायचो आणि बाकीचे संशयाने बघत राहायचे. तेहतीस वर्षं शिकवलं, निःपक्षपातावर पुस्तक लिहिलं, आणि निवृत्तीनंतरही कुठे चौकशी निघाली की अध्यक्ष म्हणून मलाच बोलावू लागले. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

चौदा वर्षांपूर्वी विद्युलताची तक्रार अशीच माझ्याकडे आली. तुझी विद्यार्थिनी, तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण तू स्वतःच्या नावाने छापलंस असं तिचं म्हणणं. मित्राची चौकशी मी करू नये, असं मी कुलगुरूंना म्हटलं होतं. ते म्हणाले, तुम्ही मित्रालाही सोडणार नाही. मी फुशारलो आणि हो म्हणून बसलो. तिचा हस्तलिखित मसुदा तुझ्याकडेच आहे, असं ती म्हणाली. तू म्हणालास, असा मसुदा कधी नव्हताच.

सुनावणी संपल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ती हे पाकीट घेऊन आमच्या घरी आली. महालक्ष्मीने तिला कॉफी दिली. मी मात्र तिला उभ्या उभ्या सांगितलं, की सुनावणी बंद झाल्यावर एका पक्षाने खासगीत दिलेलं काही वाचणं अध्यक्षाला शोभत नाही. ती वाद न घालता पाकीट टीपॉयवर ठेवून गेली. महालक्ष्मी म्हणाली, उघडून तर बघा, आभाळ कोसळणार आहे का. तिला या गोष्टी कळत नाहीत असं मी तिला सुनावलं. पाकीट समितीपुढे ठेवता आलं असतं, सुनावणी पुन्हा घेता आली असती. ते मला सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, हे आज सांगता येत नाही. आरोपाला पुरावा नाही, असं मी अहवालात लिहिलं.

आणि मग मी त्या पाकिटावर जगलो. प्रत्येक व्याख्यानात मी ते श्रोत्यांना दाखवलं. मोह टाळण्याचं उदाहरण म्हणून पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतही घातलं. लोक टाळ्या वाजवत.

गेल्या महिन्यात तुझ्या फोटोसाठी ते कपाटातून काढलं, तर गोंद वाळून तोंड आपसूक सुटलेलं. म्हणजे शेवटीही मी ते उघडलं नाहीच. आत विद्युलताच्या अक्षरातली बावीस पानं आहेत. तुझ्या घरून तिने ती कशी मिळवली कोण जाणे. समासात हिरव्या शाईने दुरुस्त्या आहेत, खाली तुझी सही आहे आणि तुझा लेख छापून येण्याच्या दोन वर्षं आधीची तारीख. राजा, तुझं अक्षर मी अंधारातही ओळखीन.

ओरगडमला जाऊन तिला भेटलो. ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती स्टोअर सांभाळते. पीएच.डी. तिने तेव्हाच सोडली. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं, माफी मागितली. तिने हातही लावला नाही. आपल्याच मराठीत म्हणाली, “आता कोणाला होणा हे, सार?” खरंच, आता कोणाला हवं? ज्याला हवं होतं तो माणूस गेला होता. तिचे वडील जनकोजी शाळामास्तर, माझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसायचे. गुरुमूर्ती सार चुकीचं लिहिणार नाहीत, तेव्हा आपली मुलगीच खोटं बोलली, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेवटची तीन वर्षं ते तिच्याशी बोललेच नाहीत. पोरीच्या हातचं पाणीही त्यांनी घेतलं नाही. हे ती शांतपणे सांगत होती, तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि ती आत गेली. मला रडू आलं राजा, भर रस्त्यात.

तू लबाडी केलीस. पण तुझ्यावर विश्वास ठेवून जनकोजी मेले नाहीत, माझ्यावर ठेवून मेले. तेव्हा तू मागितलेलं मनोगत ते हेच. छापायचं तर एक शब्द न गाळता छाप, नाहीतर तो ग्रंथ मला नको. याची एक प्रत, ती बावीस पानं आणि माझा अहवाल मागे घेत असल्याचा अर्ज आज सकाळी मी स्वतः विद्यापीठात देऊन आलो. दुसरी प्रत विद्युलताला पाठवली आहे. वाचेल की नाही माहीत नाही. तुझी बाजू या वेळी मी ऐकणार नाही, नवी समिती ऐकेल. हे पत्र घेऊन माझा ड्रायव्हर येईल. याचं पाकीट मी चिकटवलेलं नाही.

अजूनही तुझाच,
गुरुमूर्ती