टोडीचं पान

आई, आज सकाळी खाली चौकात लाउडस्पीकरवर भाषण चाललं होतं. एका पुढाऱ्यानं दुसऱ्याला एक नवंच नाव ठेवलं, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि मला एकटीला हसू फुटलं. नावं बदलतात गं, ठेवणाऱ्यांचा आवेश मात्र तोच. मग तू आठवलीस, आणि कर्जतच्या स्टेशनाजवळची आपली खाणावळ. बाबा गेल्यावर तू ती काढलीस. सोवळ्याओवळ्याची नव्हतीच. कोर्टातले, कचेरीतले, रेल्वेतले, ज्याला चालेल तो यायचा आणि शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवायचा.

मी परकरात होते तेव्हा भांडण जहाल आणि मवाळ यांचं होतं. पुण्याची वर्तमानपत्रं गाडीनं घाट उतरून यायची आणि दुपारच्या पंगतीत आमटीआधी तीच फिरायची. गंमत अशी की आपण होऊन स्वतःला मवाळ म्हणवणारा एकही माणूस मी पाहिला नाही. ते नाव नेहमी समोरच्यानं ठेवलेलं असायचं. एकदा दोघे उष्ट्या हातांनी एकमेकांवर धावले, तिसऱ्याच्या पत्रावळीवर पाय पडला, आणि त्या दिवशी तू तुझा कायदा केलास. पंगतीत जो दुसऱ्याला नाव ठेवील त्यानं उठायचं, हात धुवायचे आणि ज्याला नाव ठेवलं त्यालाच वाढायचं. त्याचं पोट भरेपर्यंत, आग्रह करून. लोकांना ते इतकं आवडलं की काही जण मुद्दाम दुसऱ्याला डिवचून स्वतःला मवाळ म्हणवून घेत, कारण मग तूप जास्त पडायचं. तुला ते कळायचं आणि तू कानाडोळा करायचीस.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, पावसाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा नवा शब्द आला होता, टोडी, म्हणजे साहेबाचा खुशमस्कऱ्या. पोरं रस्त्यानं 'टोडी बच्चा हाय हाय' ओरडत जायची. आपल्याकडे तो शब्द पंगतीतल्या पोस्टमास्तरांवर येऊन बसला. माथेरानला असताना साहेबाच्या रिकाम्या रिक्षालाही त्यांनी सलाम ठोकला होता म्हणे. शब्द कुठून आला ते वकिलांनी समजावून सांगितलं. हे वकील तरुण, पांढऱ्या टोपीचे, आणि पंगतीतले निम्मे लोक त्यांच्या शब्दाबाहेर नसत. विलायतेत पूर्वी जत्रेत औषधं विकणारा भोंदू आपल्या नोकराला विषारी बेडूक खायला लावायचा आणि मग औषध पाजून बरा करून दाखवायचा. अशा बेडकाला इंग्रजीत टोड म्हणतात, म्हणून तो खाणारा टोडी. तू तव्यावरची भाकरी उलटत विचारलंस, "त्यानं खाल्ला पोटासाठी. पन ज्यानं खायला लावला, त्याला काय नाव हाय?" वकील हसून म्हणाले, त्याला सरकार म्हणतात. मला तुम्ही दोघंही आवडला होतात त्या दिवशी.

दोनच दिवसांनी वकिलांनी भर पंगतीत मास्तरांना टोडी म्हटलं. तू भाताचं पातेलं त्यांच्यापुढे धरलंस. त्यांनी हात मागे घेतला. बाकी कुणालाही वाढीन, याला नाही, आणि याचं पान मांडणार असाल तर आमची मांडू नका, असं म्हणून ते उठले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे उठले. जेवणारे गेले म्हणजे आपली चूल गेली, आणि माझे दिवस भरत आलेले. मास्तर बिचारे दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाले, मी घरी शिजवून घेईन, तुमची माणसं परत येऊ देत. तू त्यांना हाताला धरून बसवलंस. त्या लांबलचक पडवीत एकच पत्रावळ, आणि तू पंखा घेऊन शेजारी. मी आत डब्यातले तांदूळ किती दिवस पुरतील ते बघत होते.

मग वकील जंगल सत्याग्रहात, पळसदरीच्या राखीव रानात सरकारचं गवत कापायला गेले. आयुष्यात विळा धरलेला नव्हता. पहिल्या मुठीलाच बोट कापलं आणि विळा कसा धरायचा ते एक ठाकर त्यांना हसत हसत दाखवत असतानाच पोलीस आले. वकील कचेरीच्या कोठडीत. बाहेरचं अन्न आत जाऊ देईनात. सरकारच्या विश्वासातला माणूस हवा. तू डबा भरलास आणि मास्तरांपुढे ठेवलास. त्यांना घाम फुटला, पण गेले. अर्ज केला, कारकुनाला सलाम, शिपायाला सलाम, शिपायाच्या बंदुकीलासुद्धा एक सलाम, आणि डबा आत गेला, मागोमाग मास्तरही. दुसऱ्या कुणाचा गेला नसता. वकिलांनी तोंड फिरवलं म्हणे. पण मास्तरांना आपल्या पंगतीची सवय. ते वाढत राहिले आणि "घ्या हो, आणखी घ्या" म्हणत राहिले. भुकेपुढे वकिलांचं काही चाललं नाही.

सुटल्यावर वकील सगळ्यांना घेऊन आले. बोटाला अजून चिंधी. मास्तरांचं पान नेहमीच्या जागी होतं. वकील बसले नाहीत. हात धुऊन सरळ चुलीपाशी आले, तुझ्या हातातून पातेलं घेतलं आणि मास्तरांना इतका भात वाढला की त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. पडवी पुन्हा भरली. मला आनंदानं रडूच आलं.

दुपारी भांडी घासताना मी गहिवरून म्हणाले, लोकांनी या देवमाणसाला उगाच टोडी म्हटलं. तू राखेनं पातेलं घासत होतीस. म्हणालीस, "टोडी तर हायच गं. पुरता टोडी हाय. वकील खोटं नाय बोलले." आणि माझ्या तोंडाकडे बघून, "मग काय झालं? टोडीनं जेवायचं नाय?"

ही गोष्ट मी मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, एकदा तर महिला मंडळात उभी राहून सांगितली. पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते, आई. गोष्टीतलं तुझं ते शेवटचं बोलणं मी दर वेळी गाळते. ते सांगितलं की लोक विचारतात, मग तुमची आई नक्की कुणाच्या बाजूची होती? आणि ते मला अजूनही माहीत नाही.