बदलीला तयार आहात का?

आई, आज दुपारी माझी मुलाखत झाली. तुला हसू येईल. केस पांढरे व्हायला लागले तरी मुलाखती देतेय, आणि तीही माझ्याच जागेसाठी. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यांचं नेटवर्क आणि आमचं नेटवर्क एकत्र करायचं, म्हणजे दोन्हीकडचे सगळे संगणक एकाच जाळ्यात आणायचे, हे काम आम्हीच जीव तोडून केलं. ते संपत आल्यावर कळलं की आता एकेका खुर्चीला दोन दोन माणसं झाली आहेत, आणि खुर्चीवर कोण राहणार ते मुलाखतीत ठरणार. मला याचा संताप येतो. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. चहा ठेवते, प्यायला विसरते, मग परत गरम करते. आता हे लिहायला बसलेय ते हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

तुझी तयारी करून घ्यायची पद्धत आठवतेय. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. कंपनी आम्हा नव्या मुलांना दर काही महिन्यांनी एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवायची. आधी कंट्रोल रूममध्ये पडद्यांवरचे लाल दिवे बघत बसायचं, मग केबल ओढायच्या, मग ग्राहकांच्या शिव्या खायच्या. वर्ष संपलं की मुलाखत. एखाद्या विभागाने मागून घेतलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. मी सुट्टी काढून बुऱ्हाणपूरला आले आणि तुला प्रश्न देवनागरीत लिहून दिले. तू शाळेतून आलीस की याच स्वयंपाकघरात लसूण सोलत बसायचीस आणि कागद डोळ्यांसमोर धरून विचारायचीस, राउटर आणि स्विचमध्ये फरक काय, सांगा ताई. मला अहो-जाहो करताना तुझा चेहरा अगदी गंभीर असायचा. उत्तरातलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, पण जन्मभर पोरांची पाठांतरं ऐकलेली तू, मी पाठ केलेलं म्हणायला लागले की लगेच हात वर करायचीस. हे पुस्तकातलं झालं, म्हणायचीस, आता तुझं सांग. मी चिडायचे. चिडून सांगितलेलं उत्तर तुला बहुतेक वेळा पसंत पडायचं.

कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, बदलीला तयार आहात का? त्याचं उत्तर मी सगळ्यात जोरात द्यायचे. जिथे पाठवाल तिथे, कुठेही. माझ्या पायाला भिंगरीच होती. आपल्या सिंधीपुऱ्यातून स्टेशनकडे जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे मी आशेने बघायचे. गाडीने पुढचं चांदनी स्टेशन मागे टाकलं की मला मोकळा श्वास घेता यायचा, आणि हे तुला माहीत होतं. एका संध्याकाळी मी 'कुठेही' म्हणाले आणि तुझा लसणावरचा हात थांबला. कागद तू ओट्यावर ठेवलास.

"एवढी जल्दी काय आहे?" तू म्हणालीस. "जरा थांबून सांग ना. घर नाही का तुला?"

मी म्हटलं, आई, असं म्हटलं तर नोकरी देत नाहीत. तू बरं म्हणालीस आणि लसूण सोलायला लागलीस. मला तेव्हा तुझी कीव आली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तू बूट आणलेस. काळे, पुढून बंद. बसल्या बसल्या पाय हलवायच्या माझ्या सवयीवर तू लहानपणापासून ओरडत आलेली. घरात लक्ष्मी टिकत नाही म्हणायचीस, येता-जाता गुडघ्यावर चापट द्यायचीस. माझ्या चपलांतून बोटं सतत नाचताना दिसायची, तीही तू बघून ठेवली होतीस. चप्पल दाराबाहेर काढायला लावणारी तू, कोरे आहेत, चालतं, म्हणून मला स्वयंपाकघरातच ते बूट घालायला लावलेस.

"आता आत हलव किती हलवायची ती," म्हणालीस. "साहेबाला काय दिसणार आहे."

मुलाखत झाली, एका विभागाने मला मागून घेतलं. पुढे दोन वर्षांत तू गेलीस आणि घराला कुलूप लागलं. मी पुणे, चेन्नई, नोएडा करत राहिले. मग साथीच्या दिवसांत सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा कुलूप उघडून इथे आले. काही दिवसांसाठीच आले होते. ओटा धुतला, इंटरनेटची लाइन घेतली, दापोऱ्याची एक बाई दर आठवड्याला केळी आणून द्यायला लागली. आता तिच्या नातवंडांची दुखणीखुपणी मला माहीत आहेत. मी गेलेच नाही.

आजची मुलाखत लॅपटॉपवर होती. समोर तिघं, माझ्याहून लहान. कॅमेऱ्यात कमरेखालचं काही दिसत नाही, तरी मी बंद बूट घालून बसले होते. तांत्रिक प्रश्न झाले, बरे गेले. मग त्यांतली मुलगी म्हणाली, हे काम आता हैदराबादच्या ऑफिसात बसून करायचं आहे, तुमची बदलीला तयारी आहे का? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. हो म्हणायचं ठरवलंही होतं. या वयात दुसरी नोकरी कोण देतंय, आणि पगाराशिवाय हे घर तरी कशावर चालवू? हो म्हणू, बाकी मग बघू.

मी नाही म्हणाले. माझं घर आहे इथे, म्हणाले. त्या मुलीने काहीतरी लिहून घेतलं.

हे लिहिता लिहिता मध्येच फोन येऊन गेला. जागा दुसऱ्याला दिली. पुढच्या महिन्यापर्यंत काम आहे, मग नाही. फोन ठेवल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. उद्यापासून परत प्रश्न काढायला हवेत, तयारी करायला हवी, आणि समोर बसून हात वर करणारं कोणी नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही. ओट्यावरच राहील.

एकच सांगते. तू थांबून सांग म्हणाली होतीस, आई. मी थांबले नाही. तेव्हा 'कुठेही' जेवढ्या जल्दी तोंडातून निघालं होतं, तेवढ्याच जल्दी आज 'घर आहे' निघालं.