शिसं, सोडे आणि पलीकडचं पाणी

अझैबा, मस्कत

ती. पप्पांस,

सलीलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मम्मींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं नयनाकडून कळलं, बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे हे पत्र लिहिण्याइतपत ठीक. फोनवर सांगता आलं नसतं (तुमची लेक स्पीकर लावूनच बोलते), म्हणून वेंगुर्ल्याला निघालेल्या धनेशच्या हाती हे देतोय.

तुम्ही मोठ्या प्रेमाने घरी ओतलेल्या, गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधायच्या शिशाच्या गोळ्या आणि गळाला लावायचे सुक्या कोळंबीचे लसूण-हिंगातले सोडे पाठवलेत, तिथून सगळं सुरू झालं. मी केकमधलं अंडंसुद्धा न चालणारा माणूस, पण आमच्या अर्बाबसमोर, म्हणजे मालकांसमोर, बोलून गेलो की माझे सासरे गळ टाकण्यात पटाईत आहेत. झालं. शुक्रवारी यल्ला, निघू या, म्हणाले, सासऱ्यांचं सामान घे. शिनासच्या पुढे अमिरातीच्या सरहद्दीजवळ मासा चांगला लागतो म्हणे. कंपनीत नियमांचे कागद मी बघतो, तेव्हा तिथल्या पाण्याचे नियमही मीच बघायचे ठरले. माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला, नाही कोण म्हणणार? मी वाचवाचून डोकं पिकवलं. अलीकडचं एक, पलीकडचं दुसरं, आणि शिशाबद्दल नक्की काय ते कुठेच धड कळेना. ऑफिसातला केयूर म्हणाला, पलीकडे शिसं दिसलं की बोट अडकवतात, आणि बाहेरून आणलेलं आमिष सापडलं तर विचारूच नकोस. (केयूरने मासा फक्त ताटात पाहिलाय, पण असा ठासून बोलतो की मला घाम फुटला.) आणि अर्बाबनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, सगळं तपासलंय. का म्हणालो, मला विचारू नका.

शुक्रवारी बोटीने निघालो. किनारा दिसेनासा झाला आणि मशीन बंद पडलं. बोट वाहत वर, सरहद्दीकडे सरकायला लागली. पप्पा, समुद्रावर रेघ मारलेली नसते. आपण कुठल्या देशात आहोत ते कळेना, आणि तेवढ्यात गस्तीची बोट सरळ आमच्याकडे येताना दिसली. अर्बाब पाठमोरे मशीनशी झटत होते. मी पिशवीतलं सगळं शिसं पॅंटच्या खिशांत कोंबलं. अधिकारी आमच्या बोटीत उतरला, मी अदबीने उभा राहिलो आणि पॅंट खाली निघाली. एका हाताने ती धरली, दुसऱ्याने सलाम केला. डब्यात काय, त्याने सोड्यांच्या डब्याकडे बघत हिंदीत विचारलं. आमिष म्हणायची छाती होईना. खाना, मी म्हणालो. आता इथली रीत अशी की खाणं म्हटलं की समोरच्यापुढे धरायलाच हवं. मी डबा धरला. तो भला माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, आधी तुम्ही. अर्बाब मागे वळले. डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक, मी काय खात नाही तेही ठाऊक. व्हिसा गेला तर मुलांची शाळा, घर, सगळं खलास. मी डोळे मिटले आणि मूठभर सोडे तोंडात टाकले.

मग त्यानेही खाल्ले. पुन्हा घेतले. तोंड पुसून म्हणाला, सरहद्द अजून बरीच लांब आहे, बोट वाहताना दिसली म्हणून दोर घेऊन आलो. शिशाचं नावसुद्धा काढलं नाही. आम्हाला ओढत बंदरात आणलं, तोवर मी पॅंट धरून उभा. परतताना गाडी मस्कतजवळ सीबला आली. तेव्हा अर्बाब म्हणाले, पुढच्या वेळी पट्टा लाव. सकाळी कागदावर सही झालेली होती.

तेव्हा हात जोडून विनंती, यापुढे शिसं पाठवू नये. मम्मींना नमस्कार.

तुमचा,
सलील

ता. क. नको म्हटलं ते शिशाला. धनेश परत येईल तेव्हा त्याच्याकडे अर्धा किलो सोडे द्यावेत, गळासाठी नव्हे. कालवण कसं करतात तेही लिहा. लग्न झाल्यापासून नयनाने माझ्यापायी घरात मासा आणला नाही, आता तिला कुठल्या तोंडाने विचारू? माझ्या आईला यातलं काही कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. वरचं मागणं रद्द. नयनाने पत्र वाचलं. उठली आणि तांदळाच्या पिंपामागून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. वर ‘मेथीदाणे’ लिहिलंय, आत सोडे. मम्मी दर वर्षी पाठवतात म्हणे. सोडे भरपूर आहेत, ती म्हणते, पप्पांना लिही, आमसुलं तेवढी संपलीत.