तिसरीचा वर्ग

११ जानेवारी

चि. बाबड्यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो निवृत्त व्हायच्या आधीपासूनच कुरकुरतो, त्यात नवीन काही नाही. सूनबाईचा खोकला गेला का? छोटीचे दात पडायला लागले असं तू रविवारी म्हणालास आणि मी पुढे काही विचारायच्या आत तुझा दुसरा फोन आला. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच कुणाचा फोन येत नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपली शाळा बंद व्हायच्या बेतात आहे. खात्याची नोटीस आली. पटावर सेहेचाळीस मुलं, शिक्षक दोनच, तिसरीच्या वर्गाचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीला निधी नाही. म्हणून मुलांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं म्हणे. एवढाल्या पोरांनी तो रस्ता रोज दोनदा ओलांडायचा. चार वर्षं शिक्षकांच्या जागा भरायच्या नाहीत, मग मुलं कमी झाली म्हणायचं, आणि मुलं कमी म्हणून निधी कापायचा. हा कुठला हिशेब, मला तरी कळत नाही.

समोरच्या टेलरताई नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी दुसरीत आहे. म्हणाल्या, "बाई, ह्यात काय लिहिलंय ते सोपं करून सांगा." सांगितलं. मग म्हणाल्या, "आता ह्याला उत्तर लिहा." खरं सांगते, गेल्या नऊ वर्षांत मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. एका अर्जासाठी मी तीनदा खाडाखोड केली. आता आमची शाळा बचाव समिती झाली आहे. शनिवारी सगळे माझ्याच खोलीत बसतात, कारण माझ्याकडे जागा भरपूर. ते गेले की आठ कपबश्या विसळायच्या असतात. मी त्या मुद्दाम सावकाश विसळते.

खात्याकडे सुनावणी आहे. त्याआधी पुढच्या वर्षी मुलं इथेच घालू असं पुरेशा पालकांनी लिहून दिलं, तर शाळा टिकेल. म्हणून घरोघर फिरतो आहोत. काही दारं लगेच उघडतात. काही घरांत टीव्हीचा आवाज तेवढा कमी होतो आणि बाहेर कुणी येत नाही.

काल पंक्चरवाल्याकडे गेलो होतो. तुझा ढब्बू रे, दुसरीपर्यंत तू त्याच्याच शेजारी बसायचास. आता चांगलं टक्कल पडलंय त्याला. त्याची दोन्ही मुलं खासगी शाळेत जातात. त्याने सही केली नाही. काय म्हणाला ते जाऊ दे. कामाच्या गडबडीत माणूस काहीही बोलतो.

छोटीला पापा. वेळ मिळाला तर दोन ओळी लिही.

तुझी,
आई

२ मार्च

चि. बाबड्या, आशीर्वाद.

"पत्र मिळालं, काळजी घे" हा तुझा मेसेज मिळाला. घेते आहे.

सुनावणी झाली. पण आधी ढब्बू काय म्हणाला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही.

तो ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होता. वर न बघताच म्हणाला, "बाई, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. तुम्ही जीव लावून शिकवलंत. पण तिसरी सुरू झाली त्या दिवशी बाबड्याची जागा रिकामी. घरी आई म्हणाली, बाईंनी त्याला लांब मोठ्या शाळेत घातलंय, बाईंना आतलं माहीत असणार. तेव्हाच ठरवलं, आपल्याला पोरं झाली तर इथे नाही घालायची."

टेलरताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"असेल," तो म्हणाला आणि ट्यूब पुसायला घेतली. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

सुनावणीला आम्ही एकोणीस जण गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, खुर्च्या बाराच. अधिकारीबाई तुझ्याच वयाच्या, बोलायला सभ्य. त्या म्हणाल्या, "निधी मुलांच्या मागे जातो. पालकच मुलं काढून नेतात, तिथे खात्याने काय करायचं?" माझ्या हातात लिहून नेलेलं भाषण होतं. त्यात ह्या प्रश्नाचं उत्तरही होतं, आकड्यांसकट. पण मान वळवली तर मागे दाराशी ढब्बू उभा. दुकान बंद करून आला होता.

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "पालक मुलं का नेतात ते मला विचारा. मी पस्तीस वर्षं ह्या शाळेत शिकवलं आणि स्वतःच्या मुलाला आठव्या वर्षी इथून काढलं. शाळा वाईट नव्हती. चार लोकांच्या मुलांपेक्षा माझं मूल वेगळं दिसावं, एवढंच होतं. माझं बघून दुसऱ्यांनी काढली. ज्यांनी शाळेसाठी भांडायला हवं होतं, ते आम्ही आधी आपलं मूल घेऊन बाजूला झालो. ही माणसं अजून बाजूला झालेली नाहीत. त्याची शिक्षा त्यांना देऊ नका."

अधिकारीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. जिना उतरताना टेलरताई म्हणाल्या, "हे आजच बोलायचं होतं का, बाई? त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत." तेव्हापासून शनिवारची बैठक त्यांच्याकडे होते. मला निरोप येत नाही.

परवा आदेश आला. शाळा एक वर्ष चालू राहणार, एक शिक्षक मिळणार, छपराला मात्र निधी नाही. वर्षाने पुन्हा पट मोजतील. माझ्या बोलण्याने काही झालं की त्याच्याशिवायच झालं असतं, कोण जाणे. संध्याकाळी शाळेच्या आवारात सगळे जमले होते. पोरांचा आरडाओरडा इथपर्यंत येत होता. मी खिडकीतून बघितलं. ढब्बूने सही अजूनही केलेली नाही, पण तिसरीच्या वर्गावर पत्रे चढवायला येतो म्हणालाय, असं दूधवाल्याकडून कळलं.

आता तुझं.

वसतिगृहाच्या फाटकाशी तू विचारलं होतंस, "आई, तुझ्या वर्गात जागा नाही का?" मी नाही म्हणाले. जागा होती. ढब्बूच्या शेजारची वर्षभर होती.

तिथून तू पत्रं लिहायचास. ती मी लाल शाईने तपासून परत पाठवायचे. एवढी मोठी शाळा आणि ऱ्हस्व-दीर्घ येत नाही म्हणजे काय, असं मला वाटायचं. एका पत्रात तू लिहिलं होतंस, "आई मला ईथे करमत नाही." मी 'ई'चा 'इ' केला, कोपऱ्यात "अक्षर सुधार" असं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. पुढच्या पत्रात एकही चूक नव्हती. हवापाणी, परीक्षा, सा. न. वि. वि. तसंच तू आजवर माझ्याशी बोलत आला आहेस, आणि मी लोकांना सांगत आले की मुलगा कामात फार असतो.

तुला तिथे का करमत नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते. सांगावंसं वाटलं नाही तर राहू दे, मी मागे लागणार नाही. वाटलंच तर फोनवर नको, फोनवर आपण दोघंही तब्येतीचं बोलून घेतो. लिही. जसं येईल तसं लिही.

तेहतीस वर्षं उशिरा उत्तर देणारी,
तुझी आई