भेगा मिटेपर्यंत

सावरखेड (धामणगाव बढ्याजवळ),
ता. १२ डिसेंबर १९६४

ती. सौ. पुष्पाताईस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लेखणीच धरवत नाही. यंदाच्या थंडीत रांजणातलं पाणी बोटांना चावतं. त्यात आम्हां नर्सबायांचं काम असं की दर बाईला तपासायच्या आधी कार्बोलिक साबणानं, ब्रशानं कोपरापर्यंत हात घासायचे, नंतर पुन्हा घासायचे. बोटांची पेरं उलली आहेत. वेणी घालताना केस भेगांत अडकतात, भाकर थापताना डोळ्यांत पाणी येतं.

दुखण्याचं काही नाही गं. काल डॉक्टरसाहेब फेरीवर आले, हात पाहिले आणि म्हणाले की भेगा मिटेपर्यंत एकही बाळंतपण करायचं नाही. उघड्या जखमेतून बाळंतिणीला बाधा होते. रबरी मोजे उकळून उकळून फाटले, नवे आलेले नाहीत. त्यांचं खरं आहे, म्हणूनच जास्त राग येतो. आल्यापासून गावातल्या एकाही बाईनं मला बाळंतपणाला बोलावलं नव्हतं. आत्ता कुठं सहदेवची बायको चांगुणा हो म्हणाली. तिचे दिवस भरत आले आणि मी नुसती पोरांची वजनं करत बसले आहे! तिची सासू मनकर्णाबाई तर म्हणते, नर्सबाईचे हात किसणीवानी हायत, पोराले सोलून काढतीन.

शेषभाऊला यातलं अक्षरही सांगू नकोस. त्याला माझी नोकरी सोडवायला निमित्तच हवं आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात काही औषध असेल तर तेही पाठव.
तुझी,
कोकिळा

चिखली, ता. १९ डिसेंबर

चि. कोकिळेस,
पुष्पाचे पोटभर आशीर्वाद.

भांडे घासा म्हटलं की तू मळ्यात पळत होतीस. आता सरकारनंच तुले हात घासाले बसवलं, हसू नाही तर काय येईल? पण मग वाईटही वाटलं.

धामणगावले जाणाऱ्या तुळशीरामजवळ मलमाची डबी देत आहे. मधाच्या पोळ्याचं मेण तिळाच्या तेलात मंद आचेवर वितळवलं, दुसरं काही नाही. हात कोमट पाण्यात बुडवून ठेव, कढत नको. पुसताना घासू नको, टिपून घे. ओल जराशी असतानाच मलम चोळ आणि जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या गुंडाळ.

एक चूक झाली. शेषराव बाजाराले आला होता. मी मेण काऊन वितळवून राह्यली, असं त्यानं विचारलं आणि माह्या तोंडून निघून गेलं. रागावू नको. तो तुले न्यायले येतो म्हणून गेला आहे.

माया कमी करू नको.
तुझी ताई,
पुष्पा

सावरखेड, ता. ६ जानेवारी १९६५

ती. सौ. पुष्पाताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस, पण मी रागावले आहे. डबी वाटेत कलंडली, अर्धं मलम तुळशीरामच्या पिशवीनं खाल्लं. उरलेलं लावलं, उतारही पडला. पण सकाळी पुन्हा काम, पुन्हा साबण! आणि शेषभाऊ खरोखरच बैलांची दमणी घेऊन दारात उभा. घरून बापूंचा निरोप आहे म्हणे, सामान बांध. मी नाही म्हटलं, तो ओट्यावर फुगून बसला.

तेवढ्यात सहदेव धावत आला. चांगुणेला कळा लागल्या होत्या आणि पाणमोट फुटण्याआधीच रक्त जात होतं. माझे हात सुजलेले, दोन भेगा ओल्या. मी शेषभाऊला सांगितलं, बैल जुंप, धामणगावच्या दवाखान्यात न्यायचं आहे. त्यानं उठून बैल जुंपले. मनकर्णाबाई मात्र दमणीच्या मागं चालत साऱ्या गावाला ऐकवत होती, सरकारचा पगार खाते अन् हात लावाले मागं सरते.

वाटभर चांगुणेनं माझाच हात धरला होता. कळ आली की अशी आवळायची की मिटलेल्या भेगाही फुटल्या. सोडवून घेणार कशी? शेषभाऊ वळून वळून बघे आणि बैलांवर ओरडे. दवाखान्यात मोठ्या सिस्टरबाईंनी बाळंतपण केलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी दाराबाहेर उभी होते, ताई. शिकले ते सगळं आत चाललं होतं आणि मी बाहेर!

डॉक्टरसाहेबांनी हात पाहून मनाई वाढवली आहे. शेषभाऊ मला उपकेंद्रावर सोडून दमणी वळवून गेला. घरी काय सांगितलं असेल देव जाणे. तुझ्यावर राग आहे, तरी पत्राची वाट पाहते.
कोकिळा

चिखली, ता. १३ जानेवारी

चि. कोकिळेस,
संक्रांतीचे आगाऊ आशीर्वाद.

राग कर, मी ऐकून घेईन. पण आधी हे वाच.

शेषराव काल इथं येऊन गेला. तो एकटाच परतला म्हणून बापू त्याच्यावर लय तापले. यानं मान खाली घालून सांगितलं की सावरखेडचं काम तिच्याबिगर चालत नाही. वर म्हणाला, तुमाले आनायची असन तर तुमी जा, मी दमणी जुंपत नाई. बापूंनी मग तो विषय सोडला.

हे सांगून माह्याजवळ बसला, चहा थंड होऊ दिला आणि हळूच बोलला. आपली भावजय तानू, तिले पाचवा महिना आहे. घरात अजून सांगितलं नाही, मागच्या वेळी पोर राहिलं नाही ते तुले ठाऊक आहेच. वैशाखात कोकिळेची सुट्टी निघते का ते विचार, म्हणाला. तूच लिही म्हटलं, तर उठून टोपी घातली.

म्हणून मीच विचारते. येशील ना?

तुझी वाट पाहणारी,
पुष्पा