हळद वाळू द्या

११ मार्च २००८
माझी बायको चतुरा आजही केंद्रात गेली नाही. विहाराशेजारच्या खोलीत माझी पुतणी करुणा बायकांना कॉम्प्युटर शिकवते. गेल्या पावसाळ्यात चतुरानं तिथूनच आमच्या पोराला, रवींद्रला, मस्कतला पत्र धाडलं होतं – आपल्या हातानं! मग सोयाबीन काढायला रानात. परतली तर मशीनमध्ये नवी आवृत्ती, पत्र धाडायला दाबायचं ते चित्र जागेवर नाही. "माझं डोकंच न्हाई त्या लायक," म्हणाली. तेव्हापासून तिकडं फिरकत नाही.

१३ मार्च
करुणा म्हणते, मशीनमधलं मराठी बनवणारी पुण्याची मंडळी एप्रिलात पुन्हा नवी मराठी सीडी धाडणार. मशीन ज्यावर चालतं ते लिनक्स फुकटचं, कुणा एकाच्या मालकीचं नाही. सगळे मिळून दर सहा महिन्यांनी नवं काढतात. आता तर चतुरा कायमची सोडणार!

१४ मार्च
आंघोळ करताना सुचलं – ऑक्टोबरात सोयाबीन, एप्रिलात हळद. बायका रानात असतात, बराबर तेव्हाच हे लोक सगळं बदलतात! तसाच ओल्या डोक्यानं करुणाकडे गेलो. म्हटलं, "हळद शिजून वाळू दे. बायका समोर बसल्या की मग बदला. पाठीमागं नको."
"काका, टावेल तरी घरी ठेवून यायचा!"
हसली, पण पुण्याला कळवते म्हणाली.
मी चौथी शिकलेला. तिकडचे काय म्हणतील?

२ एप्रिल
पुण्याचं उत्तर नाही. उगीच बोललो.

६ एप्रिल
पुण्याचं उत्तर आलं – सीडी मे अखेरीस, पेरणीच्या आधी! दुसऱ्या गावांनीही हेच सांगितलं म्हणे. चतुरा अंगणात हळद पसरत होती, हात पिवळेधमक. तिला सांगितलं.
"माझ्यापायी साऱ्या जगाला काहून थांबवून राहिले तुमी?"
"जग न्हाई गं. नुसतं पुणं."
तोंड फिरवून हसली. पण केंद्रात येते असं काही म्हणाली नाही.

२६ मे
आली! पुढच्याच खुर्चीवर बसली. करुणानं सगळ्यांसमोर सीडी घातली. मी बाहेर चपला राखत बसलो. आतून आवाज – "अगं बायांनो, पत्र इकडं सरकलंय बघा!"
तिचाच आवाज.

२१ सप्टेंबर
पुण्यानं विचारलं, पुढची सीडी कधी धाडू? करुणानं मला विचारलंच नाही. उत्तर चतुरानं टाइप केलं – "सोयाबीन निघू द्या. मी कळवते."