जुलैमधलं माझं उत्तर

जिनिव्हा, ४ सप्टेंबर १९३९

प्रिय मिरेय,

हे पत्र पोचेल तेव्हा वॉर्सातलं तुमचं घर उभं असेल की नाही, मला माहीत नाही. चार दिवस रेडिओला कान लावून बसले आहे. बॉम्ब कुठे पडले ते सांगतात, पण तुमच्या गल्लीचं नाव कुणी घेत नाही. काल इंग्लंड आणि फ्रान्सही युद्धात उतरले. इथेही पुरुषांना सीमेवर बोलावलंय. आपला पाववालाही सीमेवर गेला. त्याची बायको एकटी भट्टी सांभाळते.

राष्ट्रसंघाच्या कचेरीत मात्र आम्ही वेळेवर हजर होतो. टाइपरायटरसमोर बसलो, पण टाइप करायला काही नव्हतं. तुला ते नॉर्वेचे भाषांतरकार हाल्वोर्सन आठवतात? नेहमी म्हणायचे, "ओर्तांसबाई, आपण आग विझवणारे खरे, पण पाणी मारायला आग लावणाऱ्याचीच परवानगी लागते."

तुझे बाबा व्हर्दनच्या लढाईतून परतले नाहीत, तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. मी या नोकरीत शिरले ती त्यामुळेच. तू शाळेत सांगत सुटायचीस, "माझी आई युद्धं बंद करते!" मला हसू यायचं, पण मी कधी नाही म्हटलं नाही. मग जपानने चीनचा मांचुरिया घेतला. आम्ही वर्षभर अहवाल टाइप केला आणि जपानचे लोक सभेतून सरळ उठून गेले. मग इटलीने अबिसीनियावर हल्ला केला. इटलीला काय काय विकायचं नाही, त्याची यादी माझ्याच हातून गेली. तिच्यात गाढवं होती, उंट होते, खनिज तेल नव्हतं. मी विचारलं तर हाल्वोर्सन म्हणाले, "तेल थांबवलं तर इटली खरंच चिडेल ना!" प्रत्येकाला शांतता हवी होती, पण तिच्यासाठी आपला एकही सैनिक पाठवायची कुणाची तयारी नव्हती. हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी दर रविवारी तुला लिहिताना मी धीराचीच वाक्यं लिहिली.

जुलैत तू विचारलंस, "आई, येझी म्हणतो, हान्याला घेऊन काही महिने जिनिव्हाला जा. येऊ का?" मी उत्तर पाठवलं, "नवऱ्याचं ऐकून उगीच घाबरू नकोस. एवढ्या प्रवासात बाळाचे हाल होतील. काही होणार नाही." तू थांबलीस. आई तिथे बसलीय, तिला कळत असणार, असंच वाटलं असेल ना तुला?

मला कळत होतं, मिरेय. ते उत्तर लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी एक गुप्त कागद टाइप केला होता. युद्ध पेटलं तर कचेरीतली कागदपत्रांची कोणती कपाटं आधी हलवायची, त्याची यादी. हाल्वोर्सननी ती वाचली आणि म्हणाले, "मुलगी वॉर्सात आहे ना? आजच तार करा." मी म्हटलं, "कागद गुप्त आहे." ते म्हणाले, "कागद गुप्त आहे बाई, मुलगी नाही." मी त्यांच्यावर चिडले. तुला बोलावलं असतं, तर एकोणीस वर्षं मी काहीच थांबवू शकले नाही, हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी मी तुला आणि हान्याला तिथे ठेवलं. माफी मागायला मला तोंड नाही. हे पत्र आमच्या कचेरीतले पोलिश कारकून श्री. व्होल्स्की नेत आहेत. ते रुमानियामार्गे आपल्या पलटणीत रुजू व्हायला निघालेत. पत्र मिळताच घर सोड. भांडी, फोटो, काही घेऊ नकोस. बाळाला घे आणि दक्षिणेला रुमानियाच्या सीमेकडे चालू लाग. गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर पायी. मी आज नोकरी सोडली. उद्या चेर्नाउत्सीला निघते. सीमेपलीकडचं पहिलं मोठं स्टेशन तेच आहे. तिकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी फलाटावर उभी असेन. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त हान्याला माझ्याकडे दे आणि तू थोडी झोप घे.

तुझीच,
आई